दोराचं दुसरं टोक

"जरा ढिल्ला बांधा ना, जमादार," बबनराव खालच्या आवाजात म्हणाले.

मदनसिंग काही जमादार नव्हता. वाशिमच्या ठाण्यावरचा साधा शिपाई होता तो. पण काम असलं की लोक त्याला जमादार म्हणत आणि काम झालं की मदनसिंग. त्यामुळे कोण कशासाठी आलंय हे त्याला हाकेवरूनच कळायचं.

"ढिल्लाच हाये," तो म्हणाला. "पाहा, बोट जाते आतून. अन दुसरं टोक माह्या हाताले हाये. तो पडला त मी बी पडीन."

दोर सुताचा होता. ठाण्याचा दोर काथ्याचा, तो मनगट सोलून काढतो, म्हणून अशा कामाला मदनसिंग घरचाच दोर घेऊन यायचा. अकोल्याला जाणारी मोटार स्टँडवर धुरळा उडवत घुरघुरत होती. कडुलिंबाखाली शालिग्राम उभा होता. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, पायांत बूट. आईनं त्याला असं सजवून पाठवलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं पोरगा सुट्टी संपवून अमरावतीच्या कॉलेजात चाललाय. रिठदला, त्यांच्या गावात, सांगितलंही तसंच होतं. खरं म्हणजे त्याला नागपूरच्या पागलखान्यात न्यायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी आला तो निराळाच होऊन आला. आदल्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झालेला, गावातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. तो बोलेना, जेवेना, रात्र रात्र डोळे उघडे ठेवून पडायचा. आधी भगताचा अंगारा झाला, मग उतारा झाला, मग कोणी सांगितलं म्हणून हातात तांब्याचं कडं घातलं. शेवटी एका दुपारी तो मळ्यातल्या विहिरीत उतरला. मोटेवरच्या सालदारानं उडी टाकून त्याला वर काढलं. "पाय घसरला," असं बबनरावांनी गावाला सांगितलं, पण पोलीस पाटलानं ठाण्यात खबर दिली होती. मॅजिस्ट्रेट समजूतदार निघाले. त्यांनी जीव देण्याच्या प्रयत्नाचा खटला भरला नाही. डॉक्टरला दाखवून त्याला नागपूरला पाठवायचा हुकूम काढला. डॉक्टर बबनरावांना म्हणाले, की तिथून बरे होऊन येणारेही पुष्कळ असतात. बबनरावांनी त्यातलं 'तिथून' एवढंच ऐकलं.

"जमादार, येक इनंती हाये," ते आता म्हणाले. "तेवढी वर्दी उतरवा. पोलीस पाह्यला का लोक गोळा होतात. कोनाले समजलं त याले कॉलेजात कोन घेईन? अन उद्या पोरगी कोन देईन?"

मदनसिंगला नियम माहीत होता. वर्दी हवी, दोर हवा, शिपाई दोन हवेत. दुसरा शिपाई अशा कामाच्या दिवशी नेमका आजारी पडे, तो आजही पडला होता. पण मदनसिंगला मागची खेप आठवली. एका शाळामास्तराला त्यानं नेलं होतं. डब्यातले लोक मास्तरापुढं बसून त्याला न्याहाळत होते. एकानं तर पाया पडून पाऊसपाणी विचारलं होतं. वेड्याला पुढचं कळतं अशी आपल्या लोकांची समजूत. त्याला तहान लागली का, हे विचारायचं मात्र राहून जातं. मास्तर नागपूर येईपर्यंत टोपी तोंडावर धरून बसला होता, आणि उतरताना एवढंच म्हणाला होता की फार लोक होते हो.

मदनसिंग टपरीमागं गेला आणि धोतर-बंडीवर परत आला. वर्दी त्यानं दशम्यांच्या गाठोड्यात बांधली. नुकताच तापातून उठला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, डोक्याला मळकं पागोटं.

"तुमी बी चला ना," तो बबनरावांना म्हणाला. "बाप सोबत असला त पोट्ट्याले बरं वाटते."

"येतो ना. मागच्या मोटारीनं येतो."

मोटार सुटली तेव्हा मदनसिंगनं मागं वळून पाहिलं. बबनराव लिंबाच्या बुंध्यामागं सरकले होते. ऊन नव्हतं, तरी त्यांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली होती. शालिग्रामनंही ते पाहिलं आणि मान खाली घातली.

मेडशीला गोजराबाई चढली. मेडशीत तेव्हा वर्तमानपत्र येत नव्हतं, आणि गोजराबाई असताना त्याची गरजही नव्हती. पातूरला लेकीकडे निघाली होती. टोपली मांडीवर घेऊन ती नेमकी समोरच्या बाकावर बसली आणि बसल्या बसल्या तिला दोर दिसला. तिनं त्याच्या एका टोकाकडे पाहिलं, तिथं कोट, टोपी, बूट होते. दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, तिथं दाढी, लाल डोळे आणि मळकं पागोटं होतं. तिचा निकाल झाला.

"कोन व्हय रे बाबू हा तुहा?" तिनं शालिग्रामला विचारलं. "येडा हाये का?"

मदनसिंगनं तोंड उघडलं. 'बाई, मी पोलीस हाये' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात शालिग्रामनं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं मदनसिंगकडे पाहिलं. आता हा सांगणार, अशी भीती त्याच्या डोळ्यांत होती. इतकी उघडी भीती मदनसिंगनं आपल्या नोकरीत चोरांच्या डोळ्यांतही पाहिली नव्हती. त्यानं तोंड मिटलं नाही, तसंच वासून ठेवलं. डाव्या हातानं उजवा कान खाजवला आणि म्हणाला, "कोंबडीले शिंगं फुटले."

"अगं माय!" गोजराबाईनं पाय बाकावर घेतले.

मोटारीतले सगळे वळून पाहू लागले. मदनसिंग त्यांच्याकडे बघून हसला आणि त्यानं पागोट्याचा शेव तोंडात घातला. सोंग वठवायचं तर पुरतं वठवावं, असा त्याचा स्वभाव. गोजराबाईची भीती ओसरली आणि उत्सुकता वर आली.

"कवापासून हाये हा असा?"

शालिग्राम खिडकीबाहेर बघू लागला. मोटार पातूरच्या घाटाला लागली होती.

"आरं बाबू, मी तुले विचारून राह्यली. कवापासून?"

"दिवाळीपासून," शालिग्राम म्हणाला.

आवाज बरेच दिवस न उघडलेल्या कोठीच्या दारासारखा निघाला. मदनसिंगनं शेव चावायचा थांबवला.

"मारते का लोकायले?"

"नाई. कोनाले नाई मारत."

"जेवते?"

"नाई."

"मंग करते तरी काय दिवसभर?"

शालिग्रामनं थोडा विचार केला. "बसून राह्यते," तो म्हणाला.

"बिचारा," असं म्हणून गोजराबाईनं ओच्यातले मूठभर फुटाणे काढले आणि मदनसिंगच्या ओंजळीत घातले. "खाय बाप्पा." मग जरा पुढं वाकून, इकडेतिकडे बघत तिनं विचारलं, "बाप्पा, पुढच्या साली आमच्या कापसाले भाव भेटन का?"

मदनसिंगनं डोळे मिटले. "भेटन," तो म्हणाला. "पन तुले नाई."

गोजराबाईचं तोंड पडलं, पण उतरताना पाया मात्र पडून गेली. शालिग्रामनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते. पोट्टं रडायला लागलं, असं वाटून मदनसिंग घाबरला आणि त्यानं वाकून पाहिलं. शालिग्राम हसत होता. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

अकोल्याच्या स्टेशनात मदनसिंगनं एक मोठं काम केलं. शालिग्रामच्या मनगटाची गाठ सोडली आणि ते टोक त्याच्या हातात दिलं.

"धर."

"अन मी सोडला त?"

"त मी येकटाच नागपूरले जातो. तिथं मले भरती करून घेतीन, अवतार त तसाच हाये."

बोलायला तो बोलला खरा. समोर रूळ होते, गाडीची शिट्टी ऐकू येत होती, आणि हातात येणारी पेन्शन त्या सैल टोकाला बांधलेली होती. पोरानं एक उडी मारली असती तर मदनसिंग जन्मभर स्वतःला माफ करणार नव्हता. त्याला सगळं कळत होतं. गाडी धडाडत फलाटाला लागली तशी शालिग्रामनं दोर तळहाताला गुंडाळला आणि मूठ घट्ट केली.

गाडीत दोघांनी दशम्या खाल्ल्या. म्हणजे मदनसिंगनं खाल्ल्या आणि शालिग्रामनं अर्धी कुस्करली. मूर्तिजापूर गेलं. बडनेऱ्याला चारपाच कॉलेजची मुलं गलका करत डब्यात शिरली. त्यांतला एक उंच मुलगा एकदम थबकला.

"शालिग्राम! लेका, हायेस कुठी तू? दिवाळीनंतर आलाच नाईस!"

तो रामधन होता, बोर्डिंगात शालिग्रामच्या शेजारच्या खोलीत राहणारा. शालिग्रामचा चेहरा पांढरा पडला. बापाला ज्याची धास्ती होती तेच आता समोर उभं होतं. रामधनला कळलं की बोर्डिंगाला कळलं, आणि बोर्डिंगाला कळलं की कॉलेजचं दार बंद झालं. मदनसिंगनं लगेच डोकं हलवायला आणि पुटपुटायला सुरुवात केली. रामधनची नजर दोरावर गेली.

"हे कोन?"

"मामा," शालिग्राम म्हणाला. "नागपूरले नेऊन राह्यलो याले."

"अरेरे." रामधन त्याच्या बाजूला बसला. बाकीची मुलं डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. "काय होते त्यायले?"

मदनसिंगला वाटलं, पोरगा काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. शालिग्राम थोडा वेळ हातातल्या दोराकडे बघत राहिला. मग बोलायला लागला तो थांबलाच नाही.

"सकाळ झाली का याले भेव वाटते. वाटते, कायले झाली. पुस्तक उघडलं का अक्षरं दिसतात, पन आत जात नाईत. कोनी हासलं का वाटते, आपल्यालेच हासून राह्यले. घरचे म्हनतात, तू गावातला पयला. मंग पयल्यानं रडावं कसं? चारचौघांच्या खोलीत राह्यते, पन सांगावं कोनाले ते समजत नाई. येक दिवस हा विहिरीत उतरला. मराचं व्हतं असं बी नाई. आवाज बंद कराचा व्हता, डोक्यातला. पानी थंड व्हतं, येवढंच आठवते त्याले."

मदनसिंग पुटपुटायचं विसरला होता. रामधनचंही तोंड उतरलं.

"येवढं झालं अन कोनाले दिसलं नाई?"

"दिसलं असन. कोनी विचारलं नाई."

रामधननं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, एकेक फोड मदनसिंगच्या हातावर ठेवू लागला. धामणगाव, पुलगाव करत गाडी वर्ध्याला आली, तोपर्यंत तो बराच वेळ शालिग्रामच्या बोटांकडे बघत होता. ती दोराभोवती घट्ट आवळलेली होती. रामधन मूर्ख नव्हता. नागपूरला उतरताना त्यानं शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामाले म्हना, बरे होऊन या," तो म्हणाला. "खोली तशीच हाये म्हना."

पागलखान्याच्या फाटकाशी मदनसिंगनं वर्दी चढवली. पट्टा आवळला, पण दोर मनगटावर तसाच राहू दिला. आतल्या कारकुनानं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. एक शिपाई, त्याच्या हाताला दोर. एक कोटवाला, त्याच्या मुठीत दोराचं टोक. असली जोडी त्यानं कधी पाहिली नव्हती.

"पेशंट कोण?"

मदनसिंग बोलला नाही. कागद त्याच्या खिशात होता, हुकूम होता, तोंडानं सांगायला एक क्षण पुरला असता. पण तो गप्प उभा राहिला. कारकून वैतागला आणि त्यानं पुन्हा विचारलं.

"मी," शालिग्राम म्हणाला. मग मदनसिंगच्या मनगटावरची गाठ त्यानं स्वतःच सोडली, दोर गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "जपून जा, मामा."

परतीच्या गाडीत मदनसिंग वर्दीत होता. लोक त्याला बसायला जागा देत होते. त्याचं कशातच लक्ष नव्हतं. गाठोड्यात अर्धी कुस्करलेली दशमी राहिली होती, ती त्यानं वर्ध्याच्या अलीकडे खाल्ली.

मृग लागायच्या आधी शालिग्राम घरी आला. अंगावर थोडं मांस चढलं होतं, बोलत होता, बैल पाणी पाजायला नेत होता. कॉलेज उघडल्यावर तो अमरावतीला गेला. रिठदला कोणाला काही कळलं नाही. बोर्डिंगात रामधननं खोली खरंच तशीच ठेवली होती. 'मामा' कसे आहेत, असं त्यानं एकदाच विचारलं, आणि "बरे हायेत" म्हटल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र दोघांनी मिळून एक रीत पाडली. जेवणाच्या पंगतीत ज्याचं ताट तसंच राहील, किंवा जो पंगतीलाच येणार नाही, त्याच्या खोलीवर कोणीतरी जाऊन बसायचं. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं, आणि काय होतं ते विचारायचं. मुलांनी आधी चेष्टा केली. मग पहिल्या वर्षाचा एक मुलगा दारव्ह्याहून आलेला, तो तीन दिवस उठला नव्हता, तो यांच्यापाशी बोलून मोकळा झाला. त्यानंतर चेष्टा थांबली.

इकडे दसरा झाला आणि मदनसिंगच्या लेकीचं, ललिताचं, लग्न ठरलं. स्थळ मेडशीचं. दौलतसिंग घरचा बरा माणूस, मुलगा शेतात राबणारा. सुपारी फोडायला मदनसिंग चार नातेवाईक घेऊन मेडशीला गेला. दाढी केलेली, कोट धुतलेला, डोक्याला केशरी पागोटं. ताटात सुपारी ठेवली, हळदकुंकू आलं, आणि दारात बायका पाहुणे बघायला जमल्या. त्यांत गोजराबाई नसती तरच नवल.

"अगं माय!" ती ओरडली. "हा त तोच येडा! दोरानं बांधून नागपूरले नेऊन राह्यले व्हते याले, माह्या डोयानं पाह्यलं! मले म्हने, कापसाले भाव भेटन पन तुले नाई. अन खरंच नाई भेटला व माय, बोंडं सडले माहे!"

सगळे हसले. दौलतसिंगही हसला आणि मदनसिंगकडे बघू लागला, आता हा हसेल म्हणून.

"काय म्हनते हे बाई, जमादार?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी शिपाई, वेड्याला पोचवायला गेलो होतो, बाईची चूक झाली. पण त्यापुढचा प्रश्न कोणता येणार, हे मदनसिंगला दिसत होतं. मग येडा कोण होता? तो कोटवाला कोणाचा? आणि दौलतसिंगच्या बाजूलाच रिठदचे दोन पाहुणे बसले होते, त्यांतला एक बबनरावांचा बांधाचा शेजारी. मदनसिंगनं उपरण्यानं तोंड पुसलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं.

"दोर माह्याच हाताले व्हता," तो म्हणाला.

"काहून?"

तो बोलला नाही. हसणं हळूहळू थांबलं. पोलिसात असला म्हणून काय, रक्तात असतं ते असतं, असं कोणीतरी मागं कुजबुजलं. दौलतसिंग भला माणूस, त्यानं ताट हळूच बाजूला सरकवलं.

"पाहू मंग," तो म्हणाला. वऱ्हाडात 'पाहू मंग' म्हटल्यावर पुन्हा कोणी पाहत नाही.

घरी त्याच्या बायकोनं, गोमतीबाईनं, आकाशपाताळ एक केलं. "दुसऱ्याच्या पोट्ट्याची इज्जत झाकली, अन आपली पोरगी उघड्यावर टाकली! तो बाप झाडामागं लपला अन तुमी माह्या लेकीले पुढं केलं! येक सबद बोलले असते त काय जीभ झडली असती?" तिचं चुकत नव्हतं, म्हणून मदनसिंग ऐकत राहिला. रागाच्या भरात तिनं तो सुताचा दोर घराबाहेर फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला, कारण चांगली वस्तू फेकायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि शेवग्यापासून खुंटीपर्यंत कपडे वाळवायला बांधून टाकला. वाशिमात पोरं आता मदनसिंगच्या मागं "कोंबडीले शिंगं" असं ओरडत पळत. ललिता विहिरीवर जायची ती बायका नसतील अशी वेळ बघून.

"बाबा," तिनं एकदा विचारलं, "तो पोट्टा बरा झाला का?"

"झाला म्हनतात."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. मदनसिंगला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला शालिग्राम अकोल्याहून मोटारीनं निघाला. पातूरला गोजराबाई चढली आणि तिनं त्याला ओळखलं. तिला मोठा आनंद झाला.

"आरं बाबू, तुहा तो येडा मामा! पोलिसाचं सोंग घेऊन आमच्या दौलतसिंगच्या घरी पोरगी द्यायले आलता! मी व्हती म्हनून बरं. मी त साऱ्यायसमोर उघडं केलं त्याले."

"मंग तो काय म्हनला?"

"काय म्हनते? दोर माह्याच हाताले व्हता म्हने. मोडली सोयरीक."

इतके महिने आपण मान वर करून गावात हिंडलो, कॉलेजात गेलो, ते कोणाच्या जिवावर, हे शालिग्रामला मोटारीच्या त्या बाकावर कळलं. खरं सांगितलं तर आजपासून आपण रिठदचा वेडा. बाप तोंड दाखवणार नाही. मेडशी आली तेव्हा तो ट्रंक घेऊन उतरला.

"आरं, इथं कायले उतरून राह्यला?" गोजराबाई म्हणाली.

"चाल मावशी, मले दौलतसिंगचं घर दाखव."

दौलतसिंग ओसरीवर चारपाच जणांत बसला होता. शालिग्राम अंगणातच उभा राहिला.

"काका, तो मानूस येडा नोहता. तो मले नागपूरले पोचवून राह्यलता. येडा मी व्हतो."

गोजराबाईनं तोंडावर पदर घेतला. दौलतसिंगनं त्याला खालीवर न्याहाळलं.

"तू? येवढा कोटवाला?"

"तेवा बी कोट व्हता."

"कोनाचा तू?"

"रिठदच्या बबनरावाचा." त्यानं पूर्ण नाव सांगितलं. "माह्यासाठी त्यानं दोर आपल्या हाताले ठेवला. तुमच्या घरी बी त्यानं माहंच नाव झाकलं."

"पोरा," दौलतसिंग म्हणाला, "चारचौघांत बोलला तू. हे आता रिठदले जाईन. कायले सांगतलं?"

"मी बिमार पडलो तेवा कोनी विचारलं नाई, काका. त्याच्या पोरीचं बी कोनी विचारलं नाई अन तुमी सोयरीक मोडली," शालिग्राम म्हणाला. तो खाली बसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतसिंगची बैलांची दमणी वाशिमला मदनसिंगच्या दारात उभी राहिली. आतून दौलतसिंग उतरला आणि त्याच्या मागं शालिग्राम. फार बोलणं झालंच नाही. दौलतसिंगनं ओसरीवर बसून खिशातून सुपारी काढली आणि अडकित्ता मागितला. मदनसिंग अडकित्ता शोधत घरभर फिरला. तो त्याच्या हातातच होता.

धुरळ्यानं शालिग्रामचा सदरा मातकट झाला होता. ज्या पोराला दसऱ्यापासून शिव्या घातल्या तोच आता गोमतीबाईसमोर उभा होता. "काढ तो सदरा," ती शेवटी खेकसली, आणि तो धुऊन, पिळून, शेवग्याच्या दोरावर नवऱ्याच्या खाकी वर्दीशेजारी वाळत टाकला. शालिग्राम मदनसिंगची ढगळ बंडी घालून खाटेवर बसला. ललितानं त्याच्यापुढं फराळाची ताटली ठेवली. त्यानं ती सगळी संपवली.

दौलतसिंग गेल्यावर फाटकाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बबनराव होते. मेडशीची बातमी रातोरात रिठदला पोचली होती आणि ते तिच्यामागोमाग निघाले होते. उन्हातून आले होते, हातात मिटलेली छत्री होती. शालिग्राम उठून उभा राहिला.

"सर्वायले सांगतलं म्हने तू," बबनराव म्हणाले.

"हो, बाबा."

"मी झाडामागं उभा व्हतो, ते बी सांगतलं?"

"ते कोनी विचारलं नाई."

बबनरावांनी मदनसिंगकडे पाहायचं टाळलं. छत्री भिंतीला टेकवून ते अंगणात आले, दोराशी थांबले आणि मुलाच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं.

"ओला हाये अजून," ते म्हणाले.

"वाळन घंटाभरात," गोमतीबाई आतून म्हणाली.

बबनराव दोरासमोरच्या पायरीवर बसले.

"वाळू द्या. मी बसतो," ते म्हणाले.